पहिल्या सेशनआधी हा एक फोन कर

प्रिय सई,

थेरपिस्ट तुला पटली आहे ना? मग ती कुठलाच इन्शुरन्स घेत नाही, एवढ्यावरून तिला सोडू नकोस. आपला हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन पीपीओ प्रकारचा आहे आणि त्यात नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या थेरपिस्टच्या खर्चाचाही काही भाग परत मिळतो. एचएमओ, म्हणजे सहसा फक्त नेटवर्कमधल्यांचेच पैसे देणारा प्लॅन, असता तर बहुधा काहीच मिळालं नसतं. २६ वर्षांची होईपर्यंत तू याच प्लॅनवर राहू शकतेस.

कार्डामागच्या नंबरवर फोन कर. पण "किती टक्के देता?" एवढंच विचारून फोन ठेवू नकोस, लोक इथेच फसतात. ते टक्के थेरपिस्टच्या फीचे नसतात. कंपनी जी रक्कम मान्य धरते, त्या 'अलाउड अमाउंट'चे असतात. ९०८३४ आणि ९०८३७ हे थेरपी सेशनचे कोड आणि तिच्या ऑफिसचा झिप कोड सांग, आणि रक्कमच विचार. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घे.

समज, फी २०० डॉलर, अलाउड १४०, नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम) १०००, पुढे ७० टक्के. डिडक्टिबलमध्ये दर वेळी १४०च धरले जातात, त्यामुळे सात सेशनचे १४०० डॉलर भरूनही ९८०च मोजले जातील. आठव्यापासून पैसे सुरू, नवव्यापासून दर सेशनला ९८ परत. म्हणजे तुझ्या खिशातून १०२. बहुतेक प्लॅनचं डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यावरून सुरू होतं, तेव्हा ऑक्टोबरात सुरुवात केलीस तर हे गणित आधी मांड. तरी जानेवारीपर्यंत थांबू नकोस.

दर महिन्याला तिच्याकडून सुपरबिल (क्लेमसाठी लागणारं सविस्तर बिल) माग आणि तिच्यासमोरच वाच. तारीख, फी, तिचा एनपीआय हा दहा आकडी प्रोव्हायडर नंबर, टॅक्स आयडी, सेशनचा कोड, निदानाचा कोड. यातलं एक जरी नसेल तर क्लेम परत येतो. पहिली भेट ९०७९१. त्यानंतर ३८ ते ५२ मिनिटं म्हणजे ९०८३४ आणि ५३ किंवा त्याहून जास्त म्हणजे ९०८३७. पन्नास मिनिटांच्या सेशनला ९०८३७ लावलेलं चालत नाही. व्हिडिओवर, तू घरी असताना, 'प्लेस ऑफ सर्व्हिस' (सेशन कुठे झालं त्याचा कोड) १०, ऑफिसात ११. निदानाचा कोड झेडने सुरू होत असेल तर पैसे बहुतेक नाकारतात, म्हणून तिच्याशी आधीच बोल. निदान खरं तेच असू दे, पैशासाठी वाढवलेलं नको.

क्लेमच्या फॉर्मवर 'पेशंट' तू, 'सबस्क्रायबर' (जिच्या नावावर प्लॅन आहे ती) मी. इथे तुझंच नाव दोनदा लिहिलं की क्लेम अडकतो. पैसे थेरपिस्टला थेट द्या, असं सांगणाऱ्या रकान्यात सही करू नकोस; फी तू आधीच दिलेली असशील. क्लेम नाकारला तर अपीलला साधारण १८० दिवस असतात.

आता राहिली ती ईओबी, म्हणजे क्लेमचा हिशेब सांगणारी कंपनीची चिठ्ठी. ती माझ्या नावाने येईल. त्यावर तारीख, थेरपिस्टचं नाव आणि रक्कम दिसते, तू काय बोललीस ते नसतं. तेही नको वाटत असेल तर कंपनीकडे 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन'ची मागणी कर आणि तुझा पत्ता दे. मला वाईट वाटणार नाही. चेक माझ्याकडे आलाच तर त्याच दिवशी तुझ्या खात्यात टाकीन, काही न विचारता.

तुझी,
आई