स्वतःहून चूक सांगणाऱ्या फोंड्याच्या मेकॅनिक भाऊंना

भाऊ,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण गेले दोन महिने मला वेड्यात काढलं गेलं तेही चारचौघांतच.

माझी गाडी तुम्हाला ठाऊक आहे. पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीतला माल घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला चढायचं आणि भाजी भरून म्हापशाला उतरायचं, हे तिचं आयुष्य. घाटात दमते म्हणून आधी ट्यूनिंग करून घेतलं, मग क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलला. गाडी घाट अशी चढायला लागली की बस! वर डिझेलचं ॲव्हरेजही वाढलेलं दिसलं. मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

मग कणकुंबी सोडून जांबोटीच्या वाटेला लागलो असताना एका टेंपोला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली आणि ऐन मध्यात पॉवर गेली. पाय दाबलेला, इंजिन गप्प, समोरून बस. त्या बसवाल्याने ब्रेक मारले म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. तो कोण होता, कळलं नाही. त्याचेही आभार इथेच मानून टाकतो.

ज्यांनी क्राऊन-पिनियन बसवला ते म्हणाले, आमचं काम मेकॅनिकल, ते चोख आहे. ते होतंही चोख. ज्यांनी पैसे मोजून घेऊन ट्यूनिंग केलं होतं, त्यांनी चार वेळा फोन उचलला नाही आणि पाचव्यांदा उचलून सांगितलं की डिझेल पंप बदला. एकाने तर हसत हसत सुचवलं, “स्पीड गव्हर्नरच उडवून देतो, दोन हजार द्या.” म्हणजे वेगाला 80ची वेसण घालणारी सोयच काढून टाकायची. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत: ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही. ड्रायव्हर मीच, तीस वर्षांपासून.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “जुना क्राऊन-पिनियन ठेवलाय का?” दोन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. गोणपाटात होता, मी आणून दिला. तुम्ही मला दात मोजायला बसवलंत. जुन्याचे 39 आणि 8. नव्याचे, बिलावर होते तसे, 41 आणि 7. म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टच्या 4.88 फेऱ्या व्हायच्या, त्या 5.86 झाल्या. चाक तेवढंच फिरलं तरी शाफ्ट वीस टक्के जास्त फिरतो, आणि वेग मोजणारा सेन्सर बसलाय गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टपाशी. मागे दात बदललेत हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कोण सांगणार? त्याला वाटतं गाडी सुसाट निघाली, 80 झाले, आणि तो गव्हर्नरच्या हुकुमाने डिझेल तोडतो. गाडी बिचारी सत्तरच्या आसपास. किलोमीटरही तसेच फुगलेले, म्हणून ते ॲव्हरेज. पेढे वाचले.

नव्या दातांचा हिशेब ईसीयूला सांगायचं लॅपटॉपवरचं काम तासाभराचं. ते मला कळलं नाही आणि सांगायचंही नाही. 80ची मर्यादा मात्र तुम्ही जिथल्या तिथे ठेवलीत, हे सांगायला हवं.

पण भाऊ, मी आभार मानतोय ते या कामाचे नाहीत. कामाचे पैसे मी दिले. आभार आहेत त्या रात्रीच्या फोनचे.

सव्वानऊ झाले होते. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आलेली, पहाटे बेळगावला निघायचं म्हणून मी लवकर पानावर बसलो होतो. तुमचा नंबर बघून पोटात गोळा आला, वाटलं पैशांचं काही राहिलं. तुम्ही म्हणालात, “उद्या घाटात जाऊ नका. माझी चूक झालीय.” संध्याकाळी काढलेला गाडीचा फोटो तुम्ही घरी बघत होतात, त्यात टायरवरचा मापाचा आकडा दिसला. 8.25. तुम्ही हिशेब धरला होता गाडीच्या कागदावरच्या 7.50चा. मोठा टायर एका फेरीत सुमारे सहा टक्के जास्त अंतर तोडतो, म्हणजे काटा 60 दाखवणार तेव्हा गाडी 64ला असणार. “धुक्यात केरीकडे उतरताना काटा खोटं बोलायला नको,” हे तुमचे शब्द.

खरं तर चूक माझी. टायर दोन वर्षांपूर्वी मी बदलले, त्यामुळेच गाडी घाटात जड झाली आणि पुढचं सगळं रामायण घडलं, आणि नेमकं तेच तुम्हाला सांगायचं मी विसरलो. (म्हणजे क्राऊन-पिनियन बदलेपर्यंत मी 64ने जाऊन 60ने गेल्याचं समाधान मानत होतो!) मी हे बोललोही. तुम्ही म्हणालात, “विचारायचं काम माझं होतं.”

हातातला घास तसाच राहिला. बायकोने विचारलं, कोण? मी म्हटलं, मेकॅनिक. चूक झाली म्हणून सांगतोय. तिला खरं वाटेना. आमच्या धंद्यात चूक कायम दुसऱ्याची असते. टायरवाल्याची, डिझेलची, रस्त्याची, शेवटी ड्रायव्हरची. तुम्ही गप्प बसला असतात तर मला आयुष्यात कळलं नसतं. गाडी छान पळत होती, मी तुमचे गोडवे गात फिरलो असतो. शहाणपण शिकायला शाळा आहेत, लॅपटॉप बाजारात मिळतो. रात्री सव्वानऊला आपलाच कान धरायची सवय कुठून येते, ते तुमच्या आईवडिलांना विचारायला हवं.

सकाळी पावसात भिजत स्कूटरवरून साखळीला आलात. पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही उभ्याने. बेळगावची एक खेप बुडाली, तिचं काही वाटलं नाही. त्यानंतर जांबोटीच्या रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिला. दगड आणि मीटर एकाच सुरात बोलतात.

ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंत: 41/7, 8.25. गाडी धुताना तेवढी जागा सोडायला मी क्लीनरला सांगितलंय. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सामान तुमच्या घरी पोचवलं ते परत पाठवू नका, तो मोबदला नाही. आणि दीड दिवसाचा गणपती आहे आमचा, पहिल्या दिवशी दुपारी जेवायलाच या. या वेळी बसून.

देव बरें करूं.

तुमचा,
साखळीचा भाजीवाला ट्रकमालक