अटकेनंतरच्या पहिल्या रात्री वकील मिळायला हवा

महोदय,

घरातल्या कुणाला अटक झाली की घरच्यांपुढे पहिला प्रश्न वकील कुठून आणायचा हा असतो. बहुतेक वेळा हा प्रश्न रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी उभा राहतो, तेव्हा न्यायालय बंद असते, ओळखीतले लोक फोन उचलत नाहीत आणि पोलीस ठाण्याच्या आवारात सल्ला देणारे मात्र पुष्कळ भेटतात. तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात माझी बरीचशी नोकरी झाली. त्या काळात न्यायाधीशांच्या आसनाखालच्या टेबलावरून मी जे पाहिले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, आरोपीच्या बाजूचा वकील सर्वांत जास्त गरजेचा असतो तो खटला उभा राहतो तेव्हा नव्हे, तर अटकेनंतर पहिल्यांदा न्यायालयापुढे नेले जाते तेव्हा. आणि नेमका त्याच वेळी तो नसतो.

ही पहिली हजेरी कशी असते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस आरोपीला घेऊन येतात, तपास अधिकारी रिमांड रिपोर्ट, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याची मागणी करणारा अहवाल, पुढे ठेवतो आणि न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? वकील दिला आहे का?" आरोपी आधी शेजारच्या हवालदाराकडे पाहतो, मग मान हलवतो, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे कळण्यासाठी प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. सरकारी वकील पाच-सात दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात. आरोपीच्या बाजूने कुणी उभे नसेल, तर न्यायाधीश कितीही सजग असले तरी त्यांच्यासमोर एकाच बाजूचे कागद असतात. आई किंवा बायको मागच्या बाकावर डबा घेऊन बसलेली असते. तिला आदेश कळतो तो बाहेर व्हरांड्यात, पोलीस शिपायाच्या तोंडून.

त्या काही मिनिटांत जाणकार वकील बरेच काही विचारू शकतो. अटकेपासून चोवीस तासांच्या आत हजर केले का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच ती मुदत घातलेली आहे आणि प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळला जातो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस का दिली नाही? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ती तरतूद आहे, आणि जुन्या संहितेच्या काळात, २०१४ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात याबाबत पोलीस आणि दंडाधिकारी या दोघांनाही बजावले होते. वैद्यकीय तपासणी झाली का? जप्ती आधीच झालेली असेल तर कोठडी कशासाठी हवी, आणि हवीच असेल तर दोन दिवसांऐवजी सात दिवस का? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि ती लगेच देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडली पाहिजेत. हे दोन तास वकिलाला तयारी करता यावी म्हणूनच आहेत. वकीलच आलेला नसेल, तर तो कागद आरोपीच्या खिशात तसाच पडून राहतो.

हा हक्क नवा नाही, आणि त्याच्या इतिहासात आपल्या राज्याचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीबद्दल पत्रकार शीला बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. कुणालाही अटक करून लॉकअपमध्ये आणले की पोलिसांनी ताबडतोब जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, समितीने आरोपीची इच्छा असल्यास सरकारी खर्चाने तातडीने वकील द्यावा, आणि अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावीत व त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावीत, असे आदेश त्यात आहेत. पुढे २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना याच न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली की, आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची माहिती द्यावी, आणि त्याच्याकडे वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यावा. देशाला हादरवणाऱ्या गुन्ह्यातील आरोपीच्या बाबतीत न्यायालयाने जे तत्त्व सांगितले, ते मोटारसायकल चोरीच्या संशयावरून उचललेल्या शेतमजुराच्या मुलालाही लागू आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांनाही उत्पन्न न पाहता हीच सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी तहसील कार्यालयात दिवस घालवायचे कारण नाही. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आता लोक अभिरक्षक कार्यालये आहेत, जिथले वकील केवळ अशाच फौजदारी प्रकरणांचे काम करतात. 'फुकटचा वकील काय कामाचा' हे वाक्य मी फार ऐकले आहे आणि ते मला मान्य नाही. रिमांडच्या वेळी वकील नसण्यापेक्षा विधी सेवेचा वकील केव्हाही बरा, आणि कुटुंबाने पुढे खासगी वकील नेमायचे ठरवले तर कुणी अडवत नाही.

खासगी वकील नेमायचा तर स्थानिक का, यालाही कारण आहे. रविवारी कोणत्या न्यायाधीशांकडे हजर करणार, ते किती वाजता बसणार, प्रकरण तालुक्याला चालणार की जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, अमली पदार्थांच्या किंवा बालकांवरील अत्याचाराच्या कायद्याखालील प्रकरण कोणत्या विशेष न्यायालयापुढे जाणार, हे तिथे रोज उभा राहणारा वकील फोनवरच सांगतो. शहरातून मोठ्या नावाचा वकील गाडी करून येईपर्यंत पीसीआरचा आदेश होऊन गेलेला असतो. मात्र स्थानिक म्हणजे कुणीही नव्हे. जमिनीचे दावे उत्तम चालवणारे वकील जामिनाच्या कामात चाचपडताना मी पाहिले आहेत. फौजदारी कामे नियमित करणारा कोण, हे वकील संघाच्या कार्यालयात विचारले तर सरळ उत्तर मिळते, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेतला की तो त्या न्यायालयात खरोखर कोणती कामे पाहतो, तेही दिसते.

खरा त्रास दलालांचा आहे. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलांना जाहिरात करता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे; पण माहितीची जी जागा त्यामुळे रिकामी राहते, ती चहाच्या टपरीवरचा माणूस भरून काढतो. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत, उद्याच सोडवतो' असे म्हणत तो वकीलपत्राचा, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदाचा, छापील फॉर्म पुढे करतो. अशा वकीलपत्रांवर खाली आरोपीची सही किंवा अंगठा असायचा आणि वर वकिलाच्या नावाची जागा कोरी असायची. ते नाव नंतर, ज्याच्याशी दलालाचे जमेल त्याचे पडायचे. पुढे वकील बदलायचा म्हटले की आधीच्या वकिलाच्या ना हरकतीसाठी खेटे सुरू होतात. फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले असले तरी ते सांगायला आरोपीच्या आईच्या किंवा बायकोच्या बाजूने कुणी नसते. अशा दलालांची यादी करून त्यांना शिक्षा करण्याची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने वकील अधिनियमात आली आहे. ती आमच्यासारख्या तालुक्यात वापरली गेल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

म्हणून वकीलपत्रावर नाव लिहिलेले असल्याशिवाय सही करू नये. वकिलाला समोरासमोर भेटून तीन गोष्टी विचाराव्यात: गुन्हा जामीनपात्र आहे का, अर्ज कोणत्या न्यायालयात करावा लागेल, आणि ठरलेली फी रिमांडपुरती आहे, जामिनापर्यंत आहे की पूर्ण खटल्याची. पहिल्या प्रश्नाचे मोल मोठे आहे, कारण जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, तो पोलीस ठाण्यातूनही होतो, आणि त्याच कामासाठी माणसे व्याजाने पैसे काढतात. जामीन मिळवून देण्याची जो हमी देतो त्याच्यापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे हे वकिलांच्या आचारसंहितेतच बसत नाही. पैसे दिले की पावती घ्यावी. मागायला संकोच वाटतो, पण जबाबदार वकील स्वतःहून देतात.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. तालुक्यात एखादा भीषण गुन्हा घडला की आरोपीचे वकीलपत्र कुणीही घ्यायचे नाही, असा ठराव वकील संघ करतात. त्यामागचा संताप मी समजू शकतो. त्या बातम्यांनी माझीही झोप उडते. परंतु असे ठराव बेकायदेशीर आणि वकिली व्यवसायाच्या परंपरेला धरून नसलेले आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितले आहे. बचाव न मिळालेल्या आरोपीची शिक्षा वरच्या न्यायालयात टिकणे अवघड होते, आणि मग ज्यांच्यासाठी हा संताप होता त्या पीडित कुटुंबालाच पुन्हा सगळे सोसावे लागते.

आता मागणी. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी, जिल्हा पोलीस अधीक्षकांनी आणि तालुका वकील संघांनी एकत्र बसून प्रत्येक पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर नातेवाइकांना दिसेल असा मराठी फलक लावावा आणि त्यावर त्या आठवड्याच्या विधी सेवा वकिलांची नावे व मोबाईल क्रमांक लिहावेत. अटकेची खबर नातेवाइकाला दिल्याची नोंद पोलिसांना कायद्याने ठेवावीच लागते. त्याच नोंदीत विधी सेवा वकिलाला किती वाजता कळवले तेही लिहिले जावे आणि रिमांड रिपोर्टसोबत ती वेळ न्यायाधीशांपुढे यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. सुट्टीच्या दिवशी आरोपींना कोणत्या न्यायाधीशांपुढे हजर करायचे, याचा तक्ता प्रत्येक जिल्ह्यात आधीच काढला जातो आणि तो सर्व पोलीस ठाण्यांना पाठवला जातो. त्या तक्त्यात आणखी एक रकाना घालून त्या दिवशीच्या वकिलाचे नाव व क्रमांक छापावा, एवढी सुरुवात येत्या महिन्यापासूनही करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. सातारा