पंधरा टक्के कुणी आणि कधी मोजायचे?

महोदय,

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक उमेदवारांशिवाय तिसऱ्याला बोलवावे का, हा वाद आपण ‘त्यांचे ते बघतील’ म्हणून सोडून देतो. नाशिककरांनी तो सोडू नये. इथेही कुणी संस्था किंवा वाहिनी उमेदवारांना एका व्यासपीठावर आणायला निघाली, की पहिली अडचण हीच येते : खुर्च्या किती मांडायच्या?

तिकडचा नियम असा. १९८७ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून डिबेट आयोग उभा केला. २००० पासून त्याची अट होती, की पाच राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या सरासरीत १५ टक्के पाठिंबा हवा आणि जिंकायला लागणारी २७० इलेक्टोरल मते (राज्यांना वाटून दिलेल्या निवडकांची मते) मिळू शकतील इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव हवे. २०२४ मध्ये हा आयोग बाजूला पडला, तरी सीएनएनने १५ टक्क्यांचीच अट ठेवली. फक्त पाच सर्वेक्षणांच्या सरासरीऐवजी चार वेगवेगळ्या सर्वेक्षणांत तेवढे टक्के हवेत. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनिअर बाहेर राहिले.

मतपत्रिकेची अट रास्त आहे. जो गणितानेच जिंकू शकत नाही, त्याला वेळ कशाला द्यायचा? खोट आहे ती सर्वेक्षणात. हजार जणांना विचारले तर १५ टक्क्यांच्या आसपास सव्वादोन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणजे १४ आणि १६ यांत फरक करता येत नाही. सरासरी काढली की ही चूक कमी होते, पण मुळात प्रश्नातच तिसऱ्याचे नाव घेतले नसेल तर सरासरी काय करणार? शिवाय पडद्यावर दिसल्याशिवाय टक्के वाढत नाहीत आणि टक्के असल्याशिवाय पडद्यावर घेत नाहीत. १९९२ मध्ये डिबेटच्या तोंडावर अपक्ष उमेदवार रॉस पेरो सर्वेक्षणांत दहा टक्क्यांच्या आत होते. त्यांना तिन्ही डिबेटना बोलावले आणि मतदानात त्यांनी जवळपास १९ टक्के मते घेतली. १९९६ मध्ये बोलावले नाही, तेव्हा साडेआठ टक्क्यांच्याही खाली आले. याला फक्त डिबेटच कारण होते असे नाही, पण १५ टक्क्यांच्या नियमाने ते १९९२ मध्येही बाहेरच राहिले असते.

आपल्याकडे अनामत वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांश लागतो, म्हणजे १६.६७ टक्के. आकडा जवळपास तोच, पण आपण तो मोजणी झाल्यावर लावतो, फोनवर विचारून आधी नाही.

आता नाशिक बघा. २००९ च्या लोकसभेला मनसे जेमतेम तीन वर्षांची होती. मागच्या निकालावरून खुर्च्या मांडल्या असत्या तर तिचे उमेदवार हेमंत गोडसे श्रोत्यांत बसले असते. प्रत्यक्षात ते दुसरे आले, राष्ट्रवादीचे समीर भुजबळ सुमारे २२ हजारांनी जिंकले आणि शिवसेना तिसरी गेली. २०१२ मध्ये त्याच मनसेने महापालिकेत १२२ पैकी ४० जागा घेतल्या. इथे तिसरा कधी पहिला होईल, सांगता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की निमंत्रण सर्वेक्षणावर नको, तपासता येईल अशा कागदावर हवे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला थेट बोलवावे. ज्याने किंवा ज्याच्या पक्षाने त्या मतदारसंघात मागच्या वेळी ५ टक्के मते घेतली, त्यालाही. हे नमुना २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, केंद्रनिहाय सापडते. (पाच टक्क्यांची रेघ अमेरिकेच्या कायद्यात आहेच. तेवढी मते मिळवणाऱ्या पक्षाला पुढच्या वेळी सरकारी निधी मिळू शकतो.) आणि अगदी नव्याला मतदार ओळखपत्र क्रमांकासह एक हजार सह्या, सिन्नर ते इगतपुरी अशा सहाही विधानसभा क्षेत्रांतून किमान शंभर. पन्नास सह्या चिठ्ठ्या टाकून काढाव्यात, यादीशी ताडाव्यात, पाचांहून जास्त चुकल्या तर अर्ज बाद. माघारीनंतर मतदानाला कमीत कमी चौदा दिवस असतात, त्यातले शेवटचे ४८ तास प्रचारबंदीचे. त्यामुळे सह्यांना तीन दिवस, त्याहून जास्त नको.

गर्दी होईल ही तक्रार खरी आहे, पण हिशोब करून बघा. वेळ दीड तास, निकषात बसलेले सहा जण. प्रश्नाला अर्धा मिनिट, प्रत्येकाला उत्तराला एक मिनिट, तीन प्रत्युत्तरे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची, म्हणजे एका प्रश्नाला आठ मिनिटे. आठ प्रश्नांना ६४ मिनिटे, समारोपाला सहा. उरलेल्या वीस मिनिटांत निकषात न बसलेल्या प्रत्येकाला अर्धा मिनिट द्यावा : नाव, चिन्ह, काम. जो येणार नाही त्याचे नाव आणि चिन्ह सूत्रसंचालकाने वाचावे. ही अर्ध्या मिनिटाची फेरी फालतू वाटेल, पण २०२४ मध्ये शेजारच्या दिंडोरीत ‘तुतारी’ चिन्हावरच्या, शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या उमेदवाराशी आडनाव सारखे असलेल्या अपक्षाने एक लाखाहून अधिक मते घेतली होती. त्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ वेगळा आणि नुसती तुतारी वेगळी, हे कितीजणांना माहीत होते? दोनच उमेदवार असले तर तेवढ्याच वेळात दुप्पट प्रश्न होतात, हे मात्र कबूल करायलाच हवे.

बिघडते ते इथे. सगळे माईक चालू ठेवले की पाचव्या मिनिटाला नुसता गलका. माईकवर एकच माणूस हवा, बोलणाऱ्याचाच माईक उघडा, साठाव्या सेकंदाला बंद. बोलण्याचा क्रम दर प्रश्नाला एकाने सरकवावा, नाहीतर पहिला बोलणारा कायम तोट्यात आणि शेवटचा कायम फायद्यात. मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून कालिदास कलामंदिराऐवजी मैदानावर घेतले तर सातच्या पुढे सुरुवात नको.

सर्वांत मोठा धोका मोठ्या उमेदवाराचा रुसवा. ‘तो असेल तर मी येणार नाही.’ १९८० मध्ये अपक्ष जॉन अँडरसन यांना बोलावल्यावर तेव्हाचे अध्यक्ष कार्टर आलेच नाहीत. आयोजक लीग ऑफ विमेन व्होटर्सने २१ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये अँडरसन आणि रिपब्लिकन उमेदवार रेगन यांचे डिबेट घेतलेच. इथल्या आयोजकांनी नियम अर्ज भरायच्या आधी छापावेत, निमंत्रणे सगळ्यांना एकाच दिवशी पाठवावीत आणि न येणाऱ्याचा वेळ आलेल्यांत वाटावा.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक