शटलच्या निरोपात ‘इन्सॅट-१बी’ कुठे आहे?

महोदय,

२१ जुलै २०११ला, आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजत असताना, ‘अटलांटिस’ हे यान फ्लोरिडातल्या केनेडी केंद्राच्या धावपट्टीवर उतरले आणि अमेरिकेच्या स्पेस शटलचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानांचा, तीस वर्षांचा अध्याय संपला. आपल्या दैनिकाने या शेवटच्या मोहिमेला चांगली जागा दिली. ८ जुलैच्या उड्डाणापासून बातम्या येत होत्या. एकूण १३५ मोहिमा, चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलयानांचे अपघात, त्यांत गेलेले चौदा जीव, हबल दुर्बीण, कल्पना चावला, सुनीता विल्यम्स, सगळे आले. पण आले ते परक्याच्या घरचे कार्य लांबून पाहावे तसे. शटलचा आणि भारताचा संबंध या दोन नावांपाशीच संपतो, अशी समजूत नव्या वाचकाची होईल. तो तिथे संपत नाही, म्हणून हे पत्र.

१९८२ साली आपला इन्सॅट-१ए हा दूरसंचार आणि हवामानाचा उपग्रह अमेरिकन डेल्टा रॉकेटने वर गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. त्यामुळे त्याच्या जोडीच्या इन्सॅट-१बीवर सगळी भिस्त होती. तो नेला चॅलेंजरने, ३० ऑगस्ट १९८३ रोजी. फ्लोरिडात तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. त्याआधीची सातही शटल-उड्डाणे दिवसाउजेडी झाली होती; शटलने पहिल्यांदा अंधारात झेप घेतली ती आपल्या उपग्रहासाठी. त्याला कक्षेत ठरल्या जागी, ठरल्या वेळी सोडायचे होते आणि ते गणित रात्री निघाल्याशिवाय जुळत नव्हते. दुसऱ्या दिवशी मालकक्षातल्या फिरत्या तबकडीवर गरगरवून स्प्रिंगच्या जोराने त्याला बाहेर ढकलण्यात आले. शटल सुरक्षित अंतरावर सरकल्यावर त्याची स्वतःची रॉकेट-मोटार पेटली. अंतराळात गेलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन गायन ब्लुफर्ड याच उड्डाणात होते. आपल्या बातम्यांत त्यांचा उल्लेख होता, पण त्या यानात काय भरले होते याचा नव्हता!

वर गेल्यावर उपग्रहाचा सौरपंख उघडेना. तो सप्टेंबरच्या मध्यावर उघडला. तोवर कर्नाटकातल्या हसनच्या उपग्रह नियंत्रण केंद्रातल्या मंडळींनी कशा रात्री काढल्या असतील, कल्पना करवत नाही. त्यानंतर काय झाले ते माझ्या पिढीला सांगायला नको. १९८४ मध्ये गावोगावी लघुशक्ती ट्रान्समीटर उभे राहिले, कौलांवर अँटेना चढल्या आणि दूरदर्शन महानगरांच्या बाहेर पडले. त्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींची अंत्ययात्रा जिल्ह्याच्या गावी बसून लोकांनी पाहिली. बातम्यांच्या शेवटी ढगांचे चित्र दिसू लागले तेही याच उपग्रहामुळे. शटलच्या तीस वर्षांत आपल्या घरात थेट पोचलेली गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती हीच.

जाता जाता एक सांगतो. त्या उड्डाणानंतर समुद्रातून काढलेल्या बूस्टरच्या, म्हणजे शटलला वर रेटणाऱ्या बाजूच्या रॉकेटच्या, नोझलचे (ज्वाळा बाहेर पडण्याच्या तोंडाचे) आतले अस्तर पाहून अभियंत्यांना घाम फुटला होता. ते एके ठिकाणी जवळजवळ जळून संपले होते. म्हणजे आपला उपग्रह थोडक्यात बचावला.

दुसरी गोष्ट तर आपल्या मुंबईची. २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर ‘स्पेसलॅब-३’ ही प्रयोगशाळा पोटात घेऊन गेले. त्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला ‘अनुराधा’ हा प्रयोग होता. प्रमुख शास्त्रज्ञ सुकुमार बिस्वास. वैश्विक किरणांतल्या जड कणांवर किती विद्युतभार असतो, हे त्यांना मोजायचे होते. साधन काय, तर सीआर-३९ नावाच्या प्लॅस्टिकच्या चकत्यांची चळत. याच प्लॅस्टिकच्या काचा आपल्यापैकी अनेकांच्या चष्म्यात आहेत. कण त्यातून आरपार गेला की डोळ्यांना न दिसणारी इजा मागे राहते. चकती कॉस्टिक सोड्यात ठेवली की ती इजा खड्ड्यासारखी कोरली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. खालची चळत वरच्या चळतीखाली हळूहळू सरकत राही. दोन्हींतले माग जुळवले की कण कधी आला ते कळे. मी भौतिकशास्त्र शिकवत असे तेव्हा हा प्रयोग मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो, आणि हे भारतीयांनी केले आहे यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागायचा.

हे काम साध्या उपग्रहावर होण्यासारखे नव्हते. चकत्या परत प्रयोगशाळेत यायला हव्या होत्या. नेलेली वस्तू धडपणे परत आणणे, हे शटलचे खरे वैशिष्ट्य. बाकी, स्वस्तात आणि जवळजवळ दर आठवड्याला अंतराळात, ही मूळची जाहिरात कधीच खरी झाली नाही. ऐन भरात असताना, १९८५ मध्ये, वर्षाला नऊ उड्डाणे झाली. त्यापुढे मजल गेली नाही. शटल वेळेवर तयार झाले असते तर खाली घसरत चाललेल्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकाला वर ढकलण्याचा नासाचा बेत होता. तेही जमले नाही, आणि १९७९च्या जुलैत स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे लोकांनी जो धसका घेतला होता तो अनेकांना आठवत असेल. शटल थांबले याचे मला म्हणून फारसे दुःख नाही. त्याच्या जागी अमेरिकेकडे २०११ मध्ये स्वतःचे काहीच नव्हते, अंतराळवीरांना रशियाच्या सोयूझ यानात जागा मागावी लागणार होती, याचे नवल मात्र वाटते.

तिसरी गोष्ट घडता घडता राहिली. इन्सॅट-१सीसुद्धा शटलमधूनच जायचा होता आणि सोबत एक भारतीय जाणार होता. इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन नायर यांची त्यासाठी निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर फुटले, पुढच्या मोहिमांचे वेळापत्रक कोलमडले आणि व्यापारी उपग्रह शटलमधून नेणेच अमेरिकेने बंद केले. इन्सॅट-१सी १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटने गेला, माणसाविनाच. भारतीय नागरिक म्हणून अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा २०११ मध्येही एकटेच होते, त्यामागे हेही एक कारण होते. हे दोघे तेव्हा कोणत्या तयारीतून गेले, निरोप कसा कळला, पुढे त्यांनी काय केले, हे मराठीत कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, रविवारच्या पुरवणीत शटलवर आणखी एक लेख येणारच असेल तर तो वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून न घेता आपला एक वार्ताहर कुलाब्याला पाठवावा. ‘अनुराधा’वर काम केलेली माणसे तिथे किंवा त्यांच्या ओळखीतून सापडतील. शटलची लांबी-रुंदी इंटरनेटवर कुणालाही मिळते.

आपला,
एक जुना वाचक, सातारा