जोसलँच्या झऱ्याची गोष्ट, आईला वाचून दाखवण्यासाठी

रेन, ब्रिटनी, फ्रान्स
16 सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आवाज तुटत होता आणि आईने त्यातून एवढंच उचललं की मी डोळ्यांच्या तीर्थाला जाऊन आले. म्हणून सगळं नीट लिहिते. आई, तुला अक्षर लागत नाही हे माहीत आहे, तेव्हा बाबांनी मोठ्याने वाचायचं. मधलं काही गाळायचं नाही, बाबा.

गावाचं नाव जोसलँ. इथून पश्चिमेला साधारण 80 किलोमीटर. ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी होती, म्हणून सोपं गेलं. खाली नदी, तिच्या काठावर थेट पाण्यातून उठल्यासारखा रोआँ घराण्याचा किल्ला, वर मध्ययुगीन गाव. लाकडी चौकटींची घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. एकावर 1538 साल कोरलेलं आहे. बाबा, किल्ल्याला पूर्वी नऊ बुरूज होते. 1629 मध्ये राजाचा मंत्री रिशलिय याने त्यातले बरेच पाडून टाकले. आता चारच उरलेत. रोआँ घराणं अजून तिथेच राहतं, त्यामुळे आतल्या थोड्याच खोल्या बघायला मिळतात. त्या मी भराभर उरकल्या.

मला बघायचा होता तो झरा. त्याची कथा 808 सालच्या सुमाराची सांगतात. एका शेतकऱ्याला काटेरी झुडपं तोडताना मेरीमातेची लाकडी मूर्ती सापडली. ती त्याने घरी नेली, तर दुसऱ्या दिवशी मूर्ती परत झुडपात. पुन्हा नेली, पुन्हा तेच. (आई, पुढचं तू ओळखलंच असशील.) तिथेच देऊळ बांधायचं ठरलं आणि त्याच्या जन्मांध मुलीला दिसू लागलं. म्हणून ती नोत्र दाम द्यु रोन्सिए, काटेरी झुडपातली माउली. मूळ मूर्ती 1793 मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत जाळली गेली. त्यातून वाचलेला तुकडा चर्चमध्ये जपून ठेवलाय. यात्रा 8 सप्टेंबरला भरते. मी मुद्दाम ती गर्दी टाळून गेले.

झरा चर्चपासून थोडा दूर, उतारावर आहे. आत्ताचं दगडी बांधकाम 1675 चं. करड्या ग्रॅनाइटचं, वर कोनाड्यात मेरी, खाली पाणी. दगडाच्या सांध्यांत शेवाळ, पाण्यात दोन-चार पिवळी पानं. ना रांग, ना पावती, ना फुलवाली. आईला हे देवस्थान वाटलंच नसतं. मी होते तेवढ्या वेळात एकच बाई आल्या, सत्तरीच्या असतील. पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला बाजाराची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात. त्यांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, चष्मा काढून दोन्ही डोळ्यांना लावलं, मग त्याच ओल्या टोकाने चष्म्याच्या काचा स्वच्छ पुसल्या आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून निघून गेल्या. जाताना मला 'बोंजूर' म्हणाल्या.

या गावाची आणखी एक कथा आहे, ती मात्र मला आवडली नाही. कपडे धुणाऱ्या बायकांकडे एका भिकारणीने पाणी मागितलं. त्यांनी दिलं नाही, उलट अंगावर कुत्री सोडली. ती भिकारीण म्हणजे साक्षात मेरी. तिने शाप दिला की तुम्ही आणि तुमच्या लेकीबाळी भुंकाल. आणि खरोखरच 19व्या शतकातसुद्धा इथल्या यात्रेत भुंकणाऱ्या बायका आणल्या जायच्या. पुरुष त्यांना धरून, ओढत चर्चमध्ये न्यायचे, त्या तुकड्याचं चुंबन घ्यायला लावायचे, मग झऱ्याचं पाणी. आपल्याकडे अंगात येतं म्हणतात, तसलाच प्रकार असणार. डॉक्टरांनी त्यावर बरंच लिहिलं. पण शाप फक्त बायकांच्या पिढ्यांनाच का लागावा, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. दिवसभर धुणं बडवणाऱ्या बाईला वर्षातून एकदा भुंकावंसं वाटलं तर मला तरी नवल वाटत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. त्याच चर्चमध्ये ऑलिव्हिए द क्लिसोंची समाधी आहे, संगमरवरात आडवा कोरलेला, शेजारी बायको मार्गरीत. हा फ्रान्सचा सरसेनापती, 1407 मध्ये याच किल्ल्यात वारला. 1364 च्या ओरेच्या लढाईत त्याचा एक डोळा गेला होता. पुढे तो याच गावाचा धनी झाला, झरा हाकेच्या अंतरावर, पैशाला तोटा नाही, चर्चला देणग्या दिल्या त्या वेगळ्याच. डोळा काही परत आला नाही. तुम्ही हसताय हे मला इथून दिसतंय. पण हसून झाल्यावर तुम्हीही उत्तर द्या: डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलेलं ऑपरेशन सप्टेंबरपर्यंत कसं राहिलं? आईचा देवावर भरवसा आहे म्हणावं, तर तुमचा कशावर आहे?

आई, मोतीबिंदू आता वीस मिनिटांचं काम आहे. शेजारच्या काकूंचं ज्यांनी केलं त्याच डॉक्टरांकडे जा. 'आधी गणपती होऊ देत' झालं, आता 'दिवाळी होऊ दे' नको. झऱ्याशी मी तुझं नाव घेतलं, हात जोडले, तेवढं तुझ्या वतीने झालं असं समज. पाणी मात्र बाटलीत भरून आणलेलं नाही आणि आणणारही नाही. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्याला नळाचं पाणीसुद्धा लावू देत नाहीत, मग साडेतीनशे पावसाळे पाहिलेल्या दगडातलं कुठून लावू देतील!

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतेय, तिकीट काढलंय. बाबा, त्याच आठवड्यातली तारीख घ्या आणि मला फोटो पाठवा, नुसतं 'घेतली' म्हणू नका. डोळ्यांत थेंब घालायला, हिरवी पट्टी बांधून बसलेल्या आईला गप्प ठेवायला मी आहे. रजा मंजूर झाली आहे. चुलीपाशी, वाफेपाशी जाता येणार नाही, तेव्हा यंदा चकल्या विकतच्या. कोपऱ्यावरच्या बायका चांगल्या करतात, त्यांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

तुमची,
धाकटी