लिंकनचा पुतळा आणि आपला कापूस

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरच्या लिंकन चौकातल्या पुतळ्याचा फोटो मिळाला. तुझ्या निबंधासाठी चौथऱ्यावर कोरलंय ते सावकाश वाच. 31 डिसेंबर 1862 ला तिथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि लिंकनना पत्र गेलं: गुलामगिरी मुळासकट काढा, आम्ही तुमच्या बाजूचे. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. 19 जानेवारीला लिंकननी उत्तर लिहिलं.

या पाठिंब्याची किंमत कळायला गिरणीत शिरावं लागतं. तिथला बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातचा. 1861 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली आणि 1862 च्या अखेरीस मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायर भागातली सुमारे 5 लाख माणसं मदतीवर आली. चालू राहिलेल्या गिरण्यांना मिळाला 'सुरती' कापूस. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला मालही तिकडे सुरतीच. तो आखूड धाग्याचा, आणि यंत्रं लावलेली अमेरिकन कापसाला. सूत ओढणाऱ्या रुळांच्या दोन जोड्यांतलं अंतर तंतूच्या लांबीहून जेमतेम जास्त लागतं. तंतू आखूड पडला की मध्येच सुटतो आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. रूळ जवळ घेतले तरी गाठीतली माती आणि सरकीचे तुकडे असायचेच. असं सूत मागावर टिकावं म्हणून त्याला लावायच्या खळीत चिनी माती वाढवली. तिची धूळ विणकरांच्या छातीत. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवा, टोकं शोधा, सांधा, पुन्हा सुरू करा. मजुरी विणलेल्या तुकड्यावर, म्हणजे दिवसभर राबूनही हातात थोडंच.

तेव्हा सगळे एकमुखी होते असं निबंधात लिहू नकोस. काही गावांत दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. मार्च 1863 मध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॅलीब्रिज गावात मदत कशी द्यायची यावरून दंगल पेटली. त्याआधीपासूनच काही कामगार पुढारी म्हणत होते, आधी आमची मजुरीची गुलामी बघा. ती तुलना मला पटत नाही. गिरणी कामगार उपाशी राहायचा, पण त्याचं पोर बाजारात विकलं जात नव्हतं. पोटात अन्न नसताना ज्यांनी हा फरक ओळखला, ती माणसं मला फार मोठी वाटतात.

आपल्याकडचा धागाही सोडू नकोस. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. मुंबईत 1884 मध्ये गिरणी कामगारांना संघटित करणारे नारायण मेघाजी लोखंडे त्यांचेच सत्यशोधक सहकारी. 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्याच लढ्यातून.

पुतळ्याच्या फोटोत चौथऱ्याची एकच बाजू आली आहे. बाकीच्याही पाठव, अक्षरं वाचता येतील अशा.

तुझी,
आई