लेपर्ड गेकोला मे महिन्यात ऊब नको, गारवा हवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी पाळायच्या अनोख्या प्राण्यांवर लेख आला. त्यात लेपर्ड गेको या पालीच्या जातीच्या प्राण्याला ‘देखभालीचा ताप नसलेला प्राणी’ म्हटले आहे, आणि पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), वर दिवा, तळाशी वाळू असा सल्ला दिला आहे. लेख चांगला सजवलेला आहे, फोटोही सुरेख आहेत. पण हा सल्ला जसाच्या तसा जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत कोणी मे महिन्यात पाळला तर प्राणी आठवडाभरही टिकणार नाही, म्हणून लिहितो आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गावोगाव लोक मला डॉक्टरसाहेब म्हणत, पण मी डॉक्टर नाही. नोकरीची वर्षे गाई-म्हशींचे लसीकरण, कृत्रिम रेतन आणि शेण तपासणीत गेली. पालीच्या जातीच्या प्राण्याशी माझा संबंध आला तो आमच्या गल्लीतल्या अकरावीच्या एका मुलामुळे. त्याने मोठ्या शहरातल्या दुकानातून गेको आणला. तो खाईना, तेव्हा डबा घेऊन माझ्या ओट्यावर आला. त्याची आजी मागून आली आणि म्हणाली, “कोनी पालले दवाखानामा लई जास का?” पालीला कोणी दवाखान्यात नेते का, हा प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मी वाचायला लागलो, आणि आता तालुक्यातली अशी चार-दोन मुले माझ्याकडे येतात.

आधी प्राण्याची ओळख. दुकानात मिळतो तो मूळचा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या भागातला. शास्त्रात त्याची नोंद १८५४ सालची. भिंतीवरच्या पालीसारखी त्याच्या बोटांना चिकटणारी गादी नसते, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. पापण्या मात्र असतात, डोळे मिटून झोपतो. दिवसा दगडाखाली, बिळात, आणि संध्याकाळी बाहेर. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे अकरावीतला मुलगा लग्न होऊन पोराचा बाप झाला तरी हा घरात असणार. हे दुकानदार सांगत नाही.

आता उष्णतेचे. पेटीच्या उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि गार टोकाला २४ ते २६ अंश, असा उतार या प्राण्याला लागतो. जिथे घर वर्षभर वीस-बावीस अंशांवर असते तिथल्या लोकांना ऊब कमी पडते, म्हणून तिथली पुस्तके ऊब द्यायला शिकवतात. आपल्याकडे भुसावळ, चोपडा, अमळनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. म्हणजे अख्खी खोलीच त्याच्या उबदार टोकापेक्षा गरम. त्याला घाम येत नाही. तापले की गारव्याकडे सरकणे एवढेच त्याच्या हाती, आणि काचेच्या पेटीत सरकून जाणार कुठे? तोंड उघडे टाकून धापा टाकणे, बाहेर पडायला पेटीभर धडपडणे, मग निपचित होणे, या क्रमाने तो जातो.

म्हणून मार्च संपला की मॅटचे बटण बंद. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत ठेवावी. ज्यांचे जुने धाब्याचे घर अजून शाबूत आहे त्यांनी मधल्या खोलीत ठेवावी, वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखाली कधीच नाही. तळाला शहाबादी फरशीचा तुकडा घालावा. फुटक्या माठाची मोठी खापरी पाण्यात भिजवून गार टोकाला पालथी टाकली की दुपारभर तिच्याखाली गारवा राहतो. हा उपाय त्या मुलाच्या आईने काढला आणि तो मला कुठल्याही पुस्तकात दिसला नव्हता. कूलर खोलीत चालेल, पण त्याचा झोत पेटीवर नको. बर्फ ठेवू नका. कोवळे ऊन द्यावे म्हणून काचेची पेटी उन्हात ठेवणारे लोक भेटतात. बंद काच पाच-दहा मिनिटांत भट्टी होते, आणि काचेतून हाडांना उपयोगी पडणारे किरण आत येतही नाहीत. दोन्ही टोकांना जमिनीचे तापमान मोजणारे थर्मामीटर हवे. हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत उलटे. आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्या थंडीत या प्राण्याचे पचन थांबते आणि खाल्लेला किडा पोटात सडतो. तेव्हा मॅट लागते, पण ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट जोडूनच. नाहीतर पोटाची कातडी भाजते. रात्रीची वीज जायची असेल त्या दिवशी खायला घालू नका. फार गारठा पडला तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी.

वाळू तर अजिबात नको. वाळवंटी प्राणी म्हणून आपल्याकडची मुले तापीची नाहीतर बोरीची वाळू चाळून घालतात. किड्यावर झडप घालताना वाळू तोंडात जाते, आतड्यात साठते आणि शौच बंद होते. ज्याला कॅल्शियम कमी पडते तो गेको मुद्दाम वाळू चाटतो, म्हणजे दुखणे दुप्पट. फरशी किंवा साधा कागद पुरे.

कॅल्शियमचा विषय मला सर्वांत जवळचा. व्यालेली म्हैस मिल्क फिवरने आडवी पडली की शिरेतून कॅल्शियम दिल्यावर तासाभरात उठून उभी राहते, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. गेकोचे तसे नाही. त्याची हाडे महिनोन् महिने गुपचूप झिजतात. रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या या त्याच्या नेहमीच्या खाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. दुकानदाराने मुलाला “अळ्या घाला, बाकी काही लागत नाही” सांगितले होते. मी प्राणी पाहिला तेव्हा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला की दबत होता, पुढचे पाय वाकले होते आणि चालताना अंग थरथरत होते. म्हणजे किडा धरायची ताकदच नव्हती, आणि घरचे समजत होते की तो रुसला आहे. नाशिकला सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर मिळाले. त्यांनी थेंबाथेंबाने औषध सुरू केले. जबडा हळूहळू घट्ट झाला, पाय मात्र वाकडेच राहिले. किड्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यायची आणि त्यात ड जीवनसत्त्वाची सोय डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात ठेवायची, एवढे पहिल्या दिवसापासून केले असते तर हे टळले असते. ड जीवनसत्त्व जास्त झाले तरी बाधते, म्हणून मनाने चमचे घालू नयेत.

किडे कुठले, हाही आपल्याकडे मोठा प्रश्न. कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातून नाकतोडे पकडून आणू नका. फवारणी कधी, कशाची झाली हे बांधावरच्या माणसालाही ठाऊक नसते. रातकिडे घरीच डब्यात वाढवावेत. त्यांना कोंडा, गाजर, पालेभाजी घालावी, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच गेकोला मिळते. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नका, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. आणि दूध, पोळीचा कुस्करा, शिजलेला भात यांतले काहीही नको. नागाला दूध पाजणारी आपली माणसे, प्रेमापोटी इथेही वाटी पुढे करतात.

कात टाकण्याचे थोडक्यात. आपल्या कोरड्या हवेत कात बोटांवर आणि पापण्यांखाली अडकते, आवळते, आणि बोट काळे पडून गळते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला गेको आत शिरेल एवढे भोक पाडून आत ओला कागद ठेवला की काम होते. अडकलेली कात ओढू नये. कोमट पाण्यात पाय बुडवून ओल्या कापसाने पुसावी. मादी असेल तर तोच डबा अंडी घालायलाही लागतो, कारण नर नसतानाही ती अंडी धरते आणि जागा मिळाली नाही तर अडून मरते.

शेपटी हा त्याचा चरबीचा साठा. शेपटी बारीक होऊ लागली, पातळ शौच होऊ लागले, खाणे असूनही वजन घटू लागले, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यावी. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि ब्लीचनेही तो मरत नाही. म्हणून नवा प्राणी जुन्याच्या पेटीत लगेच सोडू नका. पेटी, चिमटा, पाण्याची ताटली सगळे वेगळे ठेवा. वजन दर आठवड्याला वहीत लिहावे. पूर्ण वाढलेला गेको साधारण पन्नास ते ऐंशी ग्रॅमचा, त्यामुळे किराण्याचा काटा उपयोगाचा नाही. सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात ग्रॅमचा छोटा काटा मिळायला अडचण नसावी.

याच वजनामुळे एक कळकळीची विनंती: आमच्यासारख्यांकडून त्याला इंजेक्शन टोचून घेऊ नका. पाचशे किलोच्या जनावराला औषध मोजणारा हात साठ ग्रॅमच्या जिवाला मोजताना चुकतो. जंताचे औषधही शौच तपासल्याशिवाय नको. आणि खोलीत झुरळांचा स्प्रे किंवा मच्छर अगरबत्ती नको. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, कारण साल्मोनेला हा जंतू या प्राण्यांच्या शौचात असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये.

एक गोष्ट लेखात अजिबात नव्हती. या प्राण्याचे सख्खे भाऊबंद आपल्याच मुलखात आहेत. आपल्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या नावाने एका जातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ साली झाले. दुसरी जात पश्चिम भारतात, महाराष्ट्रातही सापडते. शेतातला दगड उलटला की दिसतो आणि विषारी समजून फावड्याने मारला जातो. तो विषारी नाही. मारू नका, आणि ‘दुकानात हजारो रुपये पडतात, हा फुकट’ म्हणून उचलूनही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याचे लोक विचारायला येतात. विकत घेणाऱ्यानेही प्राणी कुठे जन्मला याचा कागद मागावा, आणि पैसे मोजायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

पशुसंवर्धन खात्याकडे माझी मागणी साधी आहे. जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात शेण तपासायचा मायक्रोस्कोप आहेच. त्याच मायक्रोस्कोपाखाली गेकोचे शौचही दिसते. फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रशिक्षण घेतलेला एक माणूस तिथे हवा. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथे अल्पमुदतीचा वर्ग ठेवता येईल. तोवर आपण पुरवणीत असे लेख छापताना, उत्तर महाराष्ट्रात हे प्राणी तपासणारे डॉक्टर कोण आहेत त्यांची यादी त्यांच्या संमतीने शेजारी छापावी. नाशिक गाठायला इथून अर्धा दिवस जातो आणि आजारी गेकोला प्रवासात डब्यात कोंडून न्यावे लागते.

कळावे,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
अमळनेर, जि. जळगाव

ता.क. पहिला पाऊस पडला की दिव्याखाली किड्यांचा खच पडतो. मुले ते गोळा करून गेकोला घालतात. घालू नका, ते आजूबाजूच्या शेतांतूनच आलेले असतात. काजवे तर मुळीच नकोत, काही जातींचे काजवे सरड्यांच्या जातीला विषारी असतात.